एकेचाळीस खुंट्या

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते आणि सेमरडीहात सकाळी आठ वाजताच हातपंपाची दांडी चटके देऊ लागली होती. सत्यभामाबाईनं डोक्यावरच्या पदरावरून ओला गमछा गुंडाळला, खांद्याला मोठी झोळी अडकवली आणि ती मदरशाची मूठ गोळा करायला निघाली. जुमेरात, म्हणजे गुरुवार, होती. जुमेरातीला ह्या बाईला अडवण्यात अर्थ नसतो, हे तिच्या नवऱ्याला नऊ वर्षांत कळून चुकलं होतं.

सेमरडीह हे एकेकाळी रायपूरपासून लांबचं गाव. आता रायपूरच चालत चालत त्याच्या उशाशी येऊन बसलं होतं. धानाच्या बांधांवर प्लॉटवाल्यांचे चुना लावलेले दगड उभे राहिले होते. तळं मात्र तेच होतं, आणि तळ्यामागचा मुसलमानांच्या एकेचाळीस घरांचा पारा, म्हणजे मोहल्ला, तोच होता. पाऱ्याच्या टोकाला मदरसा. सकाळी तिथे लहान पोरं कुराण शिकत, मोठ्या हॉलमध्ये अठरा मुली ओपन स्कूलच्या दहावीच्या परीक्षेचा अभ्यास करत आणि दुपारी साठ ताटं उठत. मुलींना गणित शिकवायला सत्यभामाबाईची सून नीलिमा होती आणि चुलीपाशी स्वतः सत्यभामाबाई. मुलगा यशदीप सिलतऱ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. घरचे कर्ते, तुळशीराम रामटेके, रेल्वेत गँगमन होते. दोन्ही गुडघे त्यांनी रुळांवरच ठेवले आणि उरलेला माणूस खाटेवर आणून टाकला.

ह्या मदरशाची कमिटी निवडायची रीत जगावेगळी होती. बायकांनी भात टाकताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा, घरच्या थैलीत टाकायचा. जुमेरातीला थैल्या गोळा व्हायच्या आणि मदरशाच्या स्वयंपाकघरात ज्याच्यात्याच्या खुंटीला लटकायच्या. एकेचाळीस घरं, एकेचाळीस खुंट्या, प्रत्येकीखाली रंगानं घराचं नाव. शुक्रवारच्या नमाजनंतर पुरुष भिंत पाहून जात, मग थैल्या पिंपात रिकाम्या होत आणि पुढच्या फेरीपर्यंत तिथेच लटकत; प्रत्येक घराच्या थैल्या दोन, एक घरी, एक खुंटीला. पहिल्या मौलानांनी लिहिलेला दस्तूर काचेच्या चौकटीत टांगला होता. ज्याची थैली लटकते त्या घराला एक मत. सलग तीन महिने थैली आली नाही तर मत नाही. शेठजीची थैली फुगलेली असो की हमालाची पिचकी, मत एकच. मौलाना हुशारच म्हणायचे. पण पुढे रेशन दुकानात मशीन येईल आणि ती माणसांचे अंगठे ओळखणार नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

दारोदार फिरायला बाईमाणूसच हवं होतं, कारण दिवसा घरात बायकाच असत. आणि ती बाई पाऱ्यातली नको होती, कारण पाऱ्यातली बाई ह्या घरची मूठ त्या घरी सांगितल्याशिवाय राहती ना. म्हणून नऊ वर्षांपूर्वी मदरशाचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी मुनव्वर यांनी आपल्या रेल्वेतल्या दोस्ताच्या, तुळशीरामांच्या बायकोला विचारलं होतं. बौद्धाची बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सत्यभामाबाईच्या तोंडाला खरोखरच कुलूप होतं. त्या कुलपानंच पुढे घोळ केला.

चौदावं घर जमीलाचं. माहेर गोंदियाचं, त्यामुळे ती सत्यभामाबाईशी मराठीत बोलायची. सत्यभामाबाईचं माहेर तिरोड्याचं. जमीलाचा नवरा सेंट्रिंगच्या कामावर सुरतेला, आणि ही राखेच्या विटांच्या कारखान्यात. विटा उचलून उचलून बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उठेना, दिवाळीपासून कार्ड बंद. एक किलो तांदूळ दुकानातून आणायचा आणि तो दोन दिवस पुरवायचा, त्यातून मूठ काढणार कुठून.

"ऊन भारी हाय मावशी," जमीला म्हणाली आणि तिनं थैली पुढे केली. थैली चौघडी घातलेली, सपाट.

"नवतपा हाय ना. तापनच," सत्यभामाबाई म्हणाली. तिनं थैली झोळीत टाकली आणि पुढची वाट धरली. दिवाळीपासून दर जुमेरातीला दोघींचं एवढंच बोलणं होई, फक्त हवामान बदलायचं. जमीला बोलताना भिंतीकडे पाहत असे.

अशी सात घरं होती. कुणाचा अंगठा उठत नव्हता, कुणाचं कार्ड दुसऱ्या गावचं, कुणाच्या नवऱ्याचा चार महिन्यांत फोन नाही. सगळ्यांचे पुरुष बाहेर आणि सगळ्यांच्या थैल्या सपाट. फेरी संपली की सत्यभामाबाई तळ्याच्या बांधावर बाभळीच्या आडोशाला बसायची. झोळीच्या तळाशी घरून बांधून आणलेलं गाठोडं असायचं. त्यातला तांदूळ ती सातही थैल्यांत भरायची, हात आखडता न घेता. मग गाठी मारून, गुडघ्यावर हात टेकून उठायची. कोणाला कळलं नाही, कोणाचं गेलं नाही, असं ती स्वतःला सांगायची, आणि उठताना तिला फार बरंही वाटायचं. हे कबूल करायलाच हवं.

थैल्या टांगून, स्वयंपाक उरकून ती घरी परतली तेव्हा तुळशीराम तांदळाच्या डब्यात डोकं घालून उभे होते. गुडघे दुखत असताना माणूस डब्यापर्यंत चालत गेला, म्हणजे प्रकरण गंभीर.

"कार्डाचे पस्तीस किलो आणले यशदीपनं. आज तारीख काय?"

"अठ्ठावीस."

"मागच्या महिन्यात बी अठ्ठावीसले उकरून राहिलो होतो. आपण चार माणसं. हत्ती बांधला हाय का घरात?"

"उंदरं झाले हायत," सत्यभामाबाई म्हणाली.

"उंदरं," तुळशीराम म्हणाले. त्यांनी झाकण लावलं. तीस वर्षं रुळाला कान लावून गाडी किती लांब आहे ते सांगणारा माणूस, त्याला बायकोच्या आवाजातलं कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनी विषय वाढवला नाही.

दुपारी नीलिमा मदरशातून आली ती चप्पल न काढताच बोलायला लागली. "आई, ग्रुपवर पाहिलं का? इस्हाकभाईनं टाकलंय. सात घरांचं कार्ड दिवाळीपासून बंद आहे, मग त्यांच्या थैल्या भरतात कशा? पुढच्या शुक्रवारी मतदान आहे, त्याच्याआधी चौकशी करा म्हणे. आणि चौकशी कोणाची, तर तुमची."

सत्यभामाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

इस्हाकभाई सदर व्हायला उभा होता. रायपूरच्या तात्यापाऱ्यात त्याचं हार्डवेअरचं दुकान, इथे पाऱ्यात दुमजली घर. निवडून आलो तर मोठा हॉल भाड्यानं देणार, असं तो उघड सांगायचा. आठवडाभर सेंट्रिंगच्या प्लेटा ठेवायला, रविवारी लग्नांना. त्या पैशातून मदरशाचं गळकं छत दुरुस्त. मुलींचा वर्ग पावसाळ्यानंतर पाहू. हाजीसाहेब निवडून आले तर वर्ग चालू राहणार होता, आणि ती सात मतं हाजीसाहेबांची होती, कारण सातांतल्या चौघींच्या पोरी त्याच वर्गात होत्या. परीक्षा ऑक्टोबरात. फॉर्म भरून झालेले.

"वर्ग गेला तर मी चौबे कॉलोनीतल्या कोचिंगला जाईन, दोन गाड्या बदलून," नीलिमा म्हणाली. "माझं होईल काहीतरी. ह्या पोट्टींचं नाही होणार. ह्यांना घरचे पावसाळ्यानंतर सोडणारच नाहीत." मग तिनं डब्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. "आई, आपल्याकडे उंदीर नाहीत."

सोमवारी इस्हाकभाई स्वतः मदरशाच्या स्वयंपाकघरात आला. सत्यभामाबाई पळीनं डाळ घोटत होती, धुरानं डोळे लाल. तो अदबीनं दाराशी थांबला, "आऊँ क्या?" म्हणाला आणि तांदळाच्या पोत्यावर टेकला. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सत्यभामाबाईचं काम सोपं झालं असतं.

"बाई, पिछली बरसात में याद है? बच्चों की कुरान के सिपारों पे पानी टपका. मैंने खुद धूप में सुखाए." तो वर छताकडे पाहत होता. "दुआ से छत नहीं बनती. लड़कियाँ पढ़ें, मुझे क्या तकलीफ है? मेरी भी हैं. पर पहले छत."

"हव," सत्यभामाबाई म्हणाली.

"नौ साल में आपने इधर की बात उधर नहीं की. इसलिए सबने माना है कि आप जो बोलेंगी वही सही. हाजीसाहब के लोगों ने भी माना है. मैं जीतूँ, हारूँ, आपकी रसोई आपकी रहेगी."

मग तो उठला आणि भिंतीपाशी गेला. सोमवारी थैल्या सगळ्या रिकाम्याच, खुंट्यांना लोंबत होत्या. त्यानं जमीलाची थैली दोन बोटांत धरून उलटी केली, झटकली. चार दाणे जमिनीवर पडले, रेशनच्या तांदळासारखे जाड, पिवळट. ते त्यानं वाकून उचलले, तळहातावर ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"सरकारी चावल है," तो शांतपणे म्हणाला. "कार्ड बंद, और चावल सरकारी."

त्यानं दाणे पोत्यावर ठेवले आणि सलाम करून गेला. डाळ करपली. साठ पोरांनी ती करपलेली डाळ खाल्ली, आणि कोणी काही बोललं नाही म्हणून तिला जास्तच लागलं.

संध्याकाळी हाजी मुनव्वर आले. कामठीचे, त्यामुळे त्यांचं मराठी तुळशीरामांपेक्षा साफ. तुळशीरामांच्या खाटेवर बसून ते अख्खा तांब्या पाणी प्यायले. बराच वेळ दोघे दोस्त रेल्वेतल्या मेलेल्या माणसांविषयी बोलत राहिले. उठताना हाजीसाहेब चौकटीला धरून उभे राहिले.

"वहिनी, मी तुम्हाला काही विचारत नाही. मला जाणून घ्यायचंही नाही. शुक्रवारी कोणी विचारलं तर एक शब्द बोलायचा. दिलं. बस."

ते गेल्यावर तुळशीराम म्हणाले, "माझं ऐकशील? मले माहीत नाही म्हणाचं. ना इकडचं, ना तिकडचं. थैली बंद होती, म्या उघडून पाहिली नाही. मोकळी होशील."

"अजी, थैली हातात घेतली का भरलेली हाय का खाली, हे आंधळ्याले बी समजते."

"मग आंधळीहून आंधळी हो."

नीलिमा कोपऱ्यात पेपर तपासत होती. सत्यभामाबाईनं तिच्याकडे पाहिलं, हिनं तरी काही सांगावं म्हणून. "मी नाही सांगणार काय बोलायचं," नीलिमा मान वर न करता म्हणाली. "माझा त्यात स्वार्थ आहे."

दिवेलागणीला बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून सत्यभामाबाई पंचशील म्हणायला बसली. रोज पाण्यासारखं वाहणारं ते, त्या दिवशी चौथ्या शीलाला येऊन अडलं. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं ते शील. पहिली तीन म्हटली, चौथ्याशी थांबली, आणि पाचवं म्हणून उठली. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. जुमेरातीला फेरी झाली, सात थैल्या सपाट आल्या, बाभळीखाली गाठोडं सुटलं आणि थैल्या भरल्या. आता न भराव्या, तर आदल्याच दिवशी सगळं उघडं पडणार. भराव्या, तर उद्याचं खोटं आणखी सात मुठींनी जड. गाठी मारायला तिला दुप्पट वेळ लागला. ऊन मरणाचं होतं, त्यामुळे तिनं ते उन्हावर घातलं.

शुक्रवारी नमाज उरकून माणसं हॉलमध्ये जमली. वीज गेलेली. पंखे थांबलेले, खिडक्यांतून गरम झळा येत होत्या आणि माणसं टोप्यांनी वारा घेत होती. ज्या घरचे पुरुष बाहेर होते त्या घरच्या बायका एका बाजूला चादरीच्या पडद्यामागे बसल्या होत्या. पाऱ्यातले सर्वांत वयस्क गफ्फारचाचा मधे खुर्चीवर. सत्यभामाबाईला आत बोलावलं तेव्हा तिच्या हाताला कांद्याचा वास होता. तिनं ते पदराआड घेतले.

"बाई, बैठ जाओ," गफ्फारचाचा म्हणाले.

"उभीच बरी," ती म्हणाली. खुर्ची दुसरी नव्हती आणि सतरंजीवर पुरुषांच्या ओळीत बसायचं तिला जमलं नसतं.

"ये सात थैलियाँ. दिवाली से आज तक, इन घरों ने चावल दिया?"

हाजी मुनव्वर समोर बसले होते, मांडीवर हात ठेवून. इस्हाकभाई खिडकीशी. दोघेही तिच्याकडे सारख्याच विश्वासानं पाहत होते आणि तेच तिला सोसवेना. तिनं सतरंजीकडे पाहिलं. पाठीमागे नीलिमाच्या हातानं भरलेला फळा होता, त्यावर सकाळचं गणित तसंच.

"दिया," ती म्हणाली. "सबने दिया."

"भरी थैली दी?"

"हव. भरी."

हॉलमध्ये सुस्कारा गेला. हाजीसाहेबांनी डोळे मिटले. इस्हाकभाई नुसता मान हलवत राहिला, एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकानं लाज आणल्यासारखा. आणि मग पडद्यामागून आवाज आला.

"बाई झूठ बोल रही हैं."

आवाज जमीलाचा होता. मोठा नव्हता, पण शब्द सुटे सुटे होते. "मेरे घर से दिवाली के बाद एक दाना नहीं गया. मैंने खाली थैली दी है. हर जुमेरात खाली दी है. किसने भरी, मुझे मालूम है, आप सबको भी मालूम हो गया होगा. अब बाई को जाने दो. उनकी डेगची चढ़ी है."

वारा घेणाऱ्या टोप्या थांबल्या. मग दुसरी बोलली, मेरे घर से भी नहीं. मग तिसरी. सहा जणी अशा बोलल्या. सातवी म्हातारी नफीसाबी, ती बोलली नाही, नुसती रडायला लागली, आणि गफ्फारचाचांनी तेच उत्तर धरलं.

सात मतं कापली गेली. उरल्या चौतीस घरांत इस्हाकभाईला अठरा, हाजीसाहेबांना सोळा. हे सगळं पाऊण तासात आटोपलं. सत्यभामाबाई तोवर स्वयंपाकघरात परत आली होती आणि पोरांना वाढत होती, कारण पोरांना भूक लागली होती. हाजी मुनव्वर जाताना दारावरून गेले. थांबले नाहीत.

घरी तुळशीराम म्हणाले, "मी म्हटलं होतं." इतकंच म्हणाले, आणि रात्री स्वतःच्या ताटातला अर्धा भात बाजूला काढून ठेवला. न बोलता टोमणा मारायची कला त्यांना उत्तम साधली होती. नीलिमा मदरशातून खडूंचा डबा, कंपासपेटी आणि गुंडाळलेला नकाशा घेऊन आली. तिनं ते कपाटावर ठेवलं.

मधले दिवस सत्यभामाबाईनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. ठरल्याप्रमाणे तिला कोणी काढलं नाही. ती सकाळी जायची, चूल पेटवायची, साठ ताटांचं करायची. सोमवारी ट्रॅक्टर आला आणि हॉलमध्ये लोखंडी प्लेटा उतरल्या. त्यांचा खणखणाट स्वयंपाकघरात येत होता. तिला जमीलाचा राग येत होता. खोटं मी माझ्या जिवावर घेतलं, शील माझं मोडलं, तुझी पोट्टी त्याच वर्गात, आणि तू सगळ्यांसमोर मला उघडी पाडलीस. भांडी घासताना ती हे जमीलाला मनातल्या मनात दहा वेळा बोलली. कढईचं काळं निघेना, तरी घासत राहिली.

जुमेरातीला ती जमीलाच्या दारात उभी राहिली, ते हे बोलायलाच. जमीला थैली घेऊन बाहेर आली. चौघडी घातलेली, सपाट.

"काहून बोलली तू?" सत्यभामाबाई म्हणाली. हवामान आज निघालं नाही.

जमीलानं आज भिंतीकडे पाहिलं नाही. "तुमी माझ्यासाठी खोटं बोलल्या मावशी. ते मले सहन नाई झालं. पण खरं सांगू का, मले राग त्याच्या आधीचा हाय."

"माह्यावर?"

"तुमच्यावर. सात महिने मी खाली थैली देऊन राहिली, अन् तुमी काई न बोलता घेऊन राहिल्या. एकदा बी इचारलं नाई, जमीला, हाय का नाई? इचारलं असतं तर मी नाई म्हटली असती. नाई म्हणाले काय लाज हाय, नाई तर नाई. पण तुमी माह्या नावाखाली तुमचा तांदूळ टांगला. माही रुकय्या दर शुक्रवारी घरी येऊन सांगे, अम्मी, अपनी थैली सबसे भरी हुई थी." तिचा आवाज फाटला. "मी काय सांगू तिले? सांगा ना. सात महिने पोट्टीले काय सांगाचं होतं?"

उन्हाची धग पाठीवर होती आणि समोर सत्यभामाबाईला तिरोड्याचं एक दार दिसत होतं. आई पदर पसरून पायरीखाली उभी, आणि वरून कोणी हात लांब ठेवून तांदूळ सोडतंय, विटाळ होऊ नये म्हणून. अर्धे दाणे मातीत. आठ वर्षांची सत्यभामा ते वेचत होती. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, आपल्यापुढे कोणाला पदर पसरावा लागू नये. म्हणून तर तिनं कधी विचारलं नाही. म्हणून तर बाभळीआड भरलं. आणि आता कळत होतं, पदर जमीलानं पसरलाच होता, दर आठवड्याला. हिनं फक्त तिकडे पाहिलं नव्हतं. वर हात सैल सोडून थैल्या भरल्या होत्या, सगळ्यांत जास्त भरलेल्या. तिला स्वतःची फार लाज वाटली, इतकी की हॉलमध्ये पकडली गेली तेव्हाही वाटली नव्हती.

तिनं थैली हातात धरली. उलगडली.

"जमीला, हाय का तांदूळ?"

"नाई."

"बरं," सत्यभामाबाई म्हणाली.

पुढच्या सहा दारांतही तिनं तेच विचारलं. विचारताना जीभ जड होत होती. दोघींनी नाही म्हटलं, एकीनं मान हलवली, एकीनं दार लावून घेतलं आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. नफीसाबीनं अर्धी मूठ आणून टाकली आणि "इतनाच है," म्हणाली. सहाव्या घरी कुलूप होतं, थैली कडीला लटकत होती. ती तिनं तशीच घेतली. बाभळीजवळून जाताना ती थांबली नाही. झोळीच्या तळाशी आज काही नव्हतं.

स्वयंपाकघरात येऊन तिनं थैल्या टांगल्या. चौतीस भरलेल्या. एक अर्ध्या मुठीची. आणि सहा रिकाम्या, त्याही आपापल्या खुंटीला. बाहेरच्या पडवीत नीलिमानं चटई टाकली होती. अठरातल्या अकराच मुली आल्या होत्या, त्यांतही धुरानं दोघी खोकत होत्या. भिंतीवर कोळशानं समीकरण काढून नीलिमा सांगत होती, आणि आतून फोडणी पडली की तिला आवाज चढवावा लागत होता.

अकराच्या सुमारास इस्हाकभाई आला. सोबत पेंटर, हातात चुन्याचा डबा आणि ब्रश. पडवीतल्या मुली पाहून तो थबकला.

"इनको यहाँ किसने बिठाया?"

"म्या," सत्यभामाबाई आतून म्हणाली. "हॉल कमिटीचा हाय. चूल माही हाय. तुमीच म्हटलं होतं."

त्यानं ते ऐकून घेतलं. मग आत येऊन भिंतीपाशी उभा राहिला. "भैया, ये सात नाम पोत देना," असं पेंटरला सांगता सांगता त्याची नजर खुंट्यांवर गेली. त्यानं एका सपाट थैलीला बोट लावून पाहिलं.

"बाई, ये खाली क्यों टाँगी हैं?"

"म्या इचारलं, हाय का. त्यायनं नाई म्हटलं." तिनं पळी कढईवर आडवी ठेवली आणि त्याच्याकडे वळली. "ते टांगलं."

"इनका वोट कट गया है. दस्तूर है."

"मत नका देऊ. दस्तूर हाय तर हाय. पण नाव पुसू नका. पुढच्या जुमेरातीले मले पुन्हा इचारा लागते ना."

पडवीत नीलिमाचा आवाज थांबला होता. मुली दाराकडे पाहत होत्या. त्यांत रुकय्या होती, गुडघ्यावर वही धरून, आणि ती आपल्या घराच्या खुंटीकडे पाहत होती. इस्हाकभाईनं तिच्याकडे पाहिलं, थैलीकडे पाहिलं, पुन्हा एकदा वर छताकडे पाहिलं. त्याचा गळा घामानं ओला झाला होता.

"भैया, पोतूँ क्या?" पेंटरनं विचारलं.

"रुक जा जरा," इस्हाकभाई म्हणाला.

पेंटरनं डबा भिंतीशी खाली ठेवला. झाकण लावलं नाही. सत्यभामाबाईनं पळी उचलली आणि भात खाली लागतोय का ते पाहू लागली.